मदत हवी आहे : १९७० शेव्हेल मालिबू, दुसऱ्यांदा दाबला की ब्रेक घट्ट

नमस्कार मंडळी,

इथले चारचाकीचे धागे बहुतेक "कोणती एसयूव्ही घेऊ" छापाचे असतात, त्यामुळे हा प्रश्न जरा आडवाटेचा वाटेल. पण बुलेट-येझदीच्या धाग्यांवर कार्ब्युरेटरवरून हमरीतुमरीवर येणारे लोक इथे आहेत, म्हणून विचारायचं धाडस करतो.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. माझ्याकडे शेवरोले शेव्हेल मालिबू आहे, १९७० ची, दोन दारांची. एसएस (जोरदार इंजिनाची स्पोर्टी आवृत्ती) नाही. (त्या वर्षी एसएस हा नुसता ऑप्शन होता, चेसिस नंबरवरून ओळखू येत नाही. बाजारातल्या कित्येक "एसएस" म्हणजे बिल्ला लावलेल्या मालिबूच असतात. असो.) घेतली तेव्हा ३०७ क्यूबिक इंचाचं व्ही-८, दोनच गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे थंडीत गाडी गॅरेजात आणि मी गाडीखाली, असं काही वर्षं चाललंय.

आधी पुढे ११ इंची डिस्क, ९ इंची बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे ओढीवर, पायाला मदत करणारा डबा), सव्वा इंचाहून थोडा लहान म्हणजे १ १/८ इंच बोअरचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब जुळवणारा). मग मागच्या अॅक्सलला ३.७३ चे गिअर. सिग्नलवरून मजा यायला लागली, पण हायवेवर ताशी ७० मैलांना ३३०० आरपीएम; शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायचं तर ओरडावं लागे. म्हणून पॉवरग्लाइड काढून २००-४आर बसवला. त्याचा चौथा गिअर ०.६७ चा, त्याच वेगाला आता २२०० च्या आसपास. कोणी हा गिअरबॉक्स बसवणार असेल तर टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलची जुळणी आधी नीट शिकून घ्या. ती केबल फक्त गिअर कधी बदलायचा ते ठरवत नाही, आतला तेलाचा दाबही ठरवते. सैल राहिली तर क्लच जळायला फार वेळ लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात इंजिन बदललं. कोणीतरी अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टमधलं ३५०, नव्याने बांधलेलं, कॅमकार्डासकट मिळालं. कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मोठा आहे: ०.०५० इंच लिफ्टला २३०/२३६ अंश, लोब सेपरेशन ११०. आयडलिंगचा आवाज असा की गल्लीतली पोरं सायकली थांबवून बघतात.

आणि तिथेच घोडं पेंड खातंय. ड्राइव्हमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, ८५० आरपीएमला मॅनिफोल्ड व्हॅक्यूम जेमतेम ९ इंच (पाऱ्याचे). मोठ्या कॅममुळे आयडलला ओढ कमी पडते, आणि बूस्टर त्याच ओढीवर चालतो. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक उत्तम. रांगेत रांगत जाताना पहिला ब्रेक ठीक, लगेच दुसऱ्यांदा दाबला की पेडल घट्ट आणि गाडी पुढे सरकतेच. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ आहे, तिथे दिवसभर हेच करायचं असतं. मिशिगनमध्ये गाडीची सक्तीची तपासणी नाही, म्हणजे मला अडवणारं कोणी नाही, आणि म्हणूनच जास्त काळजी वाटते.

बूस्टरचा चेक व्हॉल्व्ह आणि होज नवे आहेत. इंजिन बंद करून पेडल पंप केलं, पाय दाबून धरला आणि इंजिन चालू केलं की पेडल खाली जातं, म्हणजे बूस्टर जिवंत आहे. कुठे हवा गळत नाही. आता तेलाच्या दाबावरचा हायड्रोबूस्ट, इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप की बूस्टर काढून साधे ब्रेक? कॅम बदला हे उत्तर कृपया शेवटी ठेवा.

प्रतिसाद (ह्यूस्टन)

कॅम नाही, अख्खं इंजिनच बदला. सिल्व्हराडो पिकअपमधलं ५.३ लिटरचं एलएस (शेवरोलेचं नंतरच्या पिढीचं व्ही-८) टाका. भरपूर व्हॅक्यूम, फ्यूएल इंजेक्शन, थंडीत पहिल्या किल्लीला चालू. बाकी सगळा टाइमपास आहे.

धागालेखक

या उत्तराची वाटच बघत होतो :) तुमचं बरोबर असेलही, पण मला पिकअपचं इंजिन नकोय. वितरक (डिस्ट्रिब्युटर) काढून हातात धरता येतो तोवरच मला यात रस.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

नवीन काही विकत घेण्याआधी टायमिंग, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, बघा. इनिशिअल किती आहे? मूळच्या गाडीसारखं ४-६ अंशांवर असेल तर एवढ्या मोठ्या कॅमला ते फारच कमी आहे. १४ ते १६ करा, पण वितरकातला, वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पाडणारा सेंट्रिफ्यूगल अॅडव्हान्स तेवढा मर्यादित करा, म्हणजे एकूण ३४-३६ च्या वर जाणार नाही. दुसरं, व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरच्या पोर्टेड तोंडाला असेल तर काढून थेट मॅनिफोल्डला लावा. पोर्टेडला आयडलवर ओढच नसते. त्या नळीला जोडलेली अॅडव्हान्सची डबी मात्र ८ इंचाच्या आत पूर्ण ओढली जाणारी हवी, नाहीतर ती मधेच थरथरत राहील आणि आयडल आणखी बिघडेल.

कार्ब्युरेटर होली कंपनीचा असेल तर पॉवर व्हॉल्व्हही (व्हॅक्यूम पडलं की जादा पेट्रोल सोडणारा) तपासा. आयडल व्हॅक्यूमच्या निम्म्याचा असावा असा ढोबळ नियम आहे. नेहमीचा ६.५ तुम्हाला जास्त होतो.

आणि कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा जोड) कोणता? मूळचा घट्ट कन्व्हर्टर असेल तर ड्राइव्हमध्ये टाकताच तो इंजिनाला खाली दाबतो. जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा, बसवला तर ड्राइव्हमधलं व्हॅक्यूम थोडं सुधारेल.

प्रतिसाद (पुणे)

चिंचवडला ब्रेकच्या डिझाइनमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त. शेव्हेल प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण ब्रेकला गाडीचं नाव माहीत नसतं. कागदावर मांडू या.

बूस्टरमधल्या ९ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस इंच. १८ इंच व्हॅक्यूम म्हणजे चौरस इंचाला ८.८ पौंड, तेव्हा बूस्टर जास्तीत जास्त ५६० पौंडांची मदत करतो. तुमच्या ९ इंचांवर ती निम्मी, २८० पौंड. आता पायाचा जोर ७५ पौंड धरा. पॉवर ब्रेकचा पेडल रेशो (पेडलच्या तरफेने जोर किती पट होतो तो आकडा) साधारण ४, म्हणजे पायाचे ३०० पौंड. १ १/८ बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास १ चौरस इंच. म्हणजे लाइनमध्ये १८ इंचांवर साडेआठशेच्या वर पीएसआय (चौरस इंचाला पौंड), ९ वर ५८० च्या आसपास, आणि बूस्टर रिकामा झाला की उरले फक्त ३००. तुमचा "दुसरा ब्रेक" या दोन शेवटच्या आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे.

आता बूस्टर काढा. पेडल रेशो ६, बोअर १५/१६ इंच, क्षेत्रफळ ०.६९. त्याच पायाला ६५० पीएसआय. म्हणजे आज बूस्टरसकट मिळतो त्याहून जास्त, आणि दहाव्यांदा दाबलं तरी तेवढाच. किंमत एकच: पेडलचा प्रवास दुपटीहून थोडा जास्त. त्यामुळे लाइनमध्ये हवा अजिबात राहता कामा नये आणि मागच्या ड्रममधले शू नीट जवळ घेतलेले हवेत.

व्हॅक्यूम १२ वर नेता आलं तर मात्र बूस्टर पुन्हा पुढे जातो, ६८० च्या घरात. तेव्हा न्यू जर्सीकरांचं आधी करा, मग ठरवा. व्हॅक्यूमची टाकी लावा असं कोणी सांगेल, त्याने ब्रेक मारायची संख्या वाढते, जोर नाही. पंपाने काम होतं, पण तो सीटखाली मिक्सरसारखा ओरडतो. हायड्रोबूस्ट पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालतो, त्याला व्हॅक्यूमशी देणंघेणं नाही. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत चांगला, खिशाला सर्वांत जड.

धागालेखक

काका, हे असं कोणी इस्कटून सांगितलंच नव्हतं. दंडवत!

दरम्यान टायमिंग केलं. इनिशिअल ८ होतं, १५ केलं, एकूण ३५ वर बांधलं, नळी मॅनिफोल्डला, डबी बदलली. ड्राइव्हमध्ये आता ११ इंच, आयडलही स्थिर झालं. ब्रेक सुधारलाय, पण लागोपाठ तीनदा दाबला की अजूनही घट्ट होतो. कन्व्हर्टर बदलायचा तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, ते या मोसमात नको. त्यामुळे बूस्टर काढायचं ठरवतोय. जीएमच्या या पेडलला पुशरॉडसाठी दोन भोकं असतात, माझा खालच्या भोकात आहे. वरच्यात घेतला की रेशो ६ होतो ना?

प्रतिसाद (न्यू जर्सी)

हो, वरचं भोक साध्या ब्रेकचं. पण तुमचाच जुना मास्टर सिलिंडर तिथे वापरू नका, बोअरचा प्रश्न सोडून द्या तरीही. पॉवर ब्रेकच्या पिस्टनमागचा खळगा उथळ असतो, कारण तिथे बूस्टर रॉडला धरून ठेवतो. साध्या ब्रेकचा लांब रॉड त्यात बसल्यासारखा वाटतो, पण पेडल झटक्यात वर आलं तर सटकू शकतो. खोल खळग्याचाच घ्या, आणि बसवल्यावर रॉडला किंचित मोकळीक ठेवा, नाहीतर पुढचे पॅड डिस्कला घासत राहतील.

प्रतिसाद (पुणे)

+१. आणि पहिली चाचणी रिकाम्या पार्किंगमध्ये, २० मैलांच्या आत. पेडल जमिनीला लागत असेल तर आधी ड्रम जवळ घ्या, मग मला कळवा किती खाली जातं ते.