प्रवासातलं जेवण: गाडी नेमकी कुठे थांबवता?

घरच्या सहलीत गाडी कुठे थांबवायची हे मागच्या सीटवर ठरतं. ऑफिसच्या कामाने निघालं की तेच मीटिंगच्या वेळेवर, सोबतच्या साहेबांवर आणि भत्त्यावर ठरतं. रस्ता तोच, ताटात पडणारं मात्र वेगळं. म्हणून हा धागा दोन्ही प्रकारच्या प्रवाशांसाठी. नुसतं ‘अमक्याची मिसळ एक नंबर’ एवढं लिहून पळू नका. तिथे का थांबलात, बरोबर कोण होतं, काय मागवलं, तेही येऊ द्या. फसगतीचे किस्से चालतील, पण त्यात हॉटेलचं नाव नको. वाईट दिवस कुणाचाही असतो.

सुरुवात मीच करतो. कामानिमित्त पुणे-हुबळी जाणं-येणं असतं. जुना एनएच ४, आताचा ४८. कागल मागे पडलं की पाट्या कानडीत होतात आणि सांबार गोडसर लागायला लागतं. आमचे तिकडचे डीलर धारवाडचे. पहिल्या भेटीत मला वाटलं, हे आता एखाद्या एसी हॉटेलात नेणार आणि पनीर बटर मसाला गिळावा लागणार. त्यांनी नेलं बाजारातल्या एका लिंगायत खानावळीत. ज्वारीची पापडासारखी कडक भाकरी, एण्णेगायी (आपली भरली वांगी, पण तेलात मुरलेली), मोडाच्या मुगाची पल्या, शेंगांची चटणी, जवसाची चटणी, घट्ट दही. ताटाच्या कडेला कच्ची मेथी, कांद्याची पात आणि मुळ्याच्या चकत्या होत्या. मेथी शोभेला ठेवली असेल म्हणून मी बाजूला सारत होतो, तर डीलरसाहेब देठासकट पानं मोडून भाकरीच्या घासाबरोबर खात होते. तसं खाऊन बघितलं. वांग्याच्या तेलकटपणाला मेथीचा कडूपणा असा काही जमतो की आता मी घरीही तसंच खातो आणि बायको ‘शेळीसारखं काय’ म्हणते. मालाच्या भावाचं बोलणं त्यांनी दही-भात संपेपर्यंत काढलंच नाही. संध्याकाळी परत निघताना गिरमिट (तिकडचे मसालेदार चुरमुरे) आणि मिरची भजी. त्या पट्ट्यात जाऊन हे न खाता परत येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता तुम्ही लिहा.

तर्रीबाज

एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) आहे, विदर्भात फिरतो. आमच्याकडे सगळं हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन आणि आउटस्टेशन यांच्या हिशोबाने चालतं. मुक्काम पडला तर भत्ता जास्त, संध्याकाळी घरी परतलात तर कमी. त्यामुळे वर्ध्याला गेलेला माणूस दुपारी हलकं खातो, कारण रात्री नागपूरला घरचं जेवण आहेच. यवतमाळला मुक्काम असला की मग खानावळ शोधायची.

खरी अडचण वेळेची. डॉक्टर लोक ओपीडी आटोपल्यावर भेटतात. शेवटचा कॉल संपेपर्यंत तीन वाजतात आणि तोवर खानावळवाल्याने भांडी घासायला घेतलेली असतात. म्हणून आमचा सगळा भरवसा सकाळवर. नागपुरात असलो की तर्री पोहे. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वर कांदा, शेव, लिंबू. पांढरा शर्ट, टाय, हातात बॅग आणि समोर ही प्लेट, हा धोका कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवत नाही. आमचा एक सीनियर टाय उलटा करून खांद्यावर टाकायचा, कॉलरमध्ये रुमाल खोचायचा आणि प्लेट छातीशी न धरता समोरच्या बाइकच्या सीटवर ठेवून वाकून खायचा. आता आमची सगळी टीम तशीच खाते.

अमरावतीला गेलात तर गिला वडा चुकवू नका. वर्ध्याहून परतताना गोरसपाक (तिथली बिस्किटं). तो पाकीट फोडायच्या आधी घरी पोचला तर नशीब समजा.

मागची_सीट

मुंबई-गोवा रस्ता, गाडीत सासूबाई. वडखळला वडे, इथवर सगळे खूश. पुढे चिपळूण मागे टाकून कणकवलीपर्यंत नवरा सुरमईच्या थाळीची स्वप्नं बघत होता. हॉटेलच्या दारात गाडी लावली आणि सासूबाई म्हणाल्या, ‘अरे, आज संकष्टी ना?’ त्यांच्या बटव्यात कॅलेंडर असतं, आमच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही.

मालवणी हॉटेलात शाकाहारी माणसाचे हाल होतात असं म्हणतात ते अर्धंच खरं. ज्यांना उपास नव्हता त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि वडे मागवले. कोंबडी वड्यातले वडे तेच, कोंबडीची जागा वाटाण्यांनी घेतलेली. मुलांनी मिटक्या मारत खाल्लं. सासूबाईंना हॉटेलच्या मालकीणबाईंनी स्वतःच्या घरातून वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आणून दिली, कारण त्यांचाही उपास होता. पैसे घ्यायला तयार नव्हत्या. चंद्रोदयाची वाट बघत नवरा सोलकढीवर बसला होता, त्याची दया कुणालाच आली नाही.

माल_पोचला

‘जिथे ट्रक उभे असतील तिथे जेवा’ हा सल्ला इथे कुणीतरी देणारच, म्हणून आधीच लिहून टाकतो. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करतो, ड्रायव्हरांशी रोज बोलणं. ट्रक थांबतो तो चवीसाठी थांबतोच असं नाही. सोळा चाकी गाडी वळवायला जागा हवी, अंघोळीला पाणी हवं, दोन तास पडायला खाट हवी, शेजारी पंक्चरवाला हवा आणि माल अंगावर असताना झोपलं तर ताडपत्री कुणी कापणार नाही एवढी ओळख हवी. यातलं सगळं असलं आणि डाळ बेचव असली तरी ड्रायव्हर तिथेच थांबतो. डाळ मात्र ताजी असते, कारण गिऱ्हाईक रात्रभर तुटत नाही. ट्रकांच्या रांगेवरून खात्री एवढ्याचीच.

लक्झरी बसचं गणित वेगळं. तिथे ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण हॉटेलकडून होतं, वेगळ्या भांड्यातलं, कधीकधी वेगळ्या खोलीत. प्रवाशांना काय मिळतं ते तुम्ही जाणताच. ड्रायव्हरच्या ताटात आलेली भाजी दाखवून ‘आम्हाला हीच द्या’ म्हणून बघा एकदा. वेटरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

शेवभाजी_जिंदाबाद

वरच्याला दुजोरा. तरीही ट्रकवाल्यांचा एक ढाबा सांगण्यासारखा आहे, धुळे-जळगाव रस्त्यावरचा, जुन्या एनएच ६ वर, ज्याला आता ५३ म्हणतात. नाव सांगत नाही, गर्दी वाढेल.

शेवभाजी चांगली आहे की नाही हे चव घ्यायच्या आधी कळतं. शेव रश्श्यात शिजवून आणली तर उठा. या ढाब्यावर आधी रस्सा येतो, काळसर, वर तेलाचा तवंग, आत भाजलेलं खोबरं, कांदा आणि खान्देशी काळा मसाला पाट्यावर वाटलेला. शेव वेगळ्या ताटलीत, जाडी आणि तिखट. पोरगा विचारतो, ‘टाकू का तुम्ही टाकता?’ आपण टाकायची, मूठभर, आणि लगेच भाकरी मोडायची. पहिल्या घासाला शेव कडक लागते, मधल्या घासांना मऊ आणि शेवटी वाटीच्या तळाशी जे उरतं ते चमच्यानं खायचं. सोबत कांदा बुक्कीनं फोडलेला, सुरीनं कापलेला नव्हे. हिवाळ्यात गेलात तर भरीतही मागवा, वांगं काड्यांवर भाजलेलं असेल तरच.

मी शेतीच्या अवजारांची विक्री बघतो. त्या भागातले व्यवहार ऑफिसात होत नाहीत, या खाटांवरच होतात.

तिसरा_थांबा

सगळे पुरुष चवीवर लिहितायत, तर मी दुसरी बाजू लिहिते. कामाने तालुक्याच्या गावांना जावं लागतं, बहुतेक वेळा एसटीने. मी कुठे खाते हे स्वयंपाकघर बघून ठरत नाही, टॉयलेट बघून ठरतं. सकाळी निघताना अर्धा कप चहा, तोही टाळता आला तर टाळायचा. पाण्याची बाटली जवळ असते, पण घोट मोजूनच घ्यायचा. माझ्या ओळखीच्या फिरतीवरच्या जवळजवळ सगळ्या बायका हेच करतात आणि उन्हाळ्यात डोकं धरून घरी येतात. त्यामुळे ‘स्वच्छ टॉयलेट’ हा माझ्यासाठी मेनूतला पहिला पदार्थ आहे. फूड मॉलमधला वडापाव महाग म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हा हिशोबही धरावा. मी त्या वड्याचे जास्तीचे पैसे खुशाल देते.

एसटीच्या अधिकृत थांब्यांवर प्रवाशांना तीस रुपयांत चहा-नाश्ता, अशी योजना महामंडळाने काढली होती. चांगली योजना. एका थांब्यावर मी तिकीट पुढे करून मागितलं, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘संपलं.’ शेजारी पोह्यांची परात भरलेली. मी कंडक्टरला हाक मारली, तो बिचारा आतल्या खोलीत जेवत होता. वरच्या ‘माल_पोचला’ यांनी सांगितलेली तीच खोली. तो हात धुऊन आला आणि पोहे ‘शिल्लक’ निघाले.

डबेवाली

वरच्या पोस्टला शंभर वेळा अनुमोदन.

समृद्धी महामार्गाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा रस्ता गुळगुळीत आणि पोटात काही नाही, अशी अवस्था होती. मैलोन्‌मैल ना चहाची टपरी ना झाडाची सावली, आणि कडेला गाडी लावून चटई पसरायची सोय नाही, तशी परवानगीही नाही. जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा उघडून ७०१ किलोमीटर सलग झाले. मधल्या काळात थांबे वाढलेत, पण आम्ही अजून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी घेऊनच निघतो. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. पाणी लावलेली चटणी नेऊ नका, नागपूरच्या उन्हात दुपारपर्यंत आंबते.

श्टुटगार्ट_व्हाया_चाकण

आमच्यासारख्या गाड्यांच्या सुट्या भागांवर पोट असलेल्या पुणेकरांना श्टुटगार्टची वारी चुकत नाही. मी शाकाहारी, तोही अंडं न खाणारा, म्हणजे जर्मन कँटीनमध्ये दोन वेळा अवघड. बटाट्याच्या सूपमध्ये बेकनचे तुकडे, हिरव्या कोशिंबिरीवर बेकनचे तुकडे, फरसबीवर पुन्हा तेच. ‘मांस नको’ म्हटलं तर ‘हे तर थोडंसंच आहे’ असं उत्तर मिळतं. त्या भागात माउलटाशे नावाचा मोठ्या मोदकाच्या पारीसारखा पदार्थ मिळतो, आत पालक दिसतो म्हणून हात पुढे करू नका, पालकात खिमा असतो. सगळे केझश्पेट्झले सुचवतात, चीज घातलेल्या जाड शेवया, वर तळलेला कांदा. त्यात अंडं असतं, त्यामुळे माझ्यासाठी तोही रस्ता बंद. उरतं काय, तर ब्रेझेल, लोणी, उकडलेले बटाटे आणि बॅगेतलं मेतकूट. बटाट्यांवर मेतकूट आणि लोणी घालून बघा, माझ्या जर्मन सहकाऱ्यानेही मागून घेतलं.

नव्याने जाणाऱ्यांसाठी: रविवारी सुपरमार्केट बंद. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-ब्रेड भरून ठेवा, नाहीतर स्टेशनातली दुकानं किंवा पेट्रोल पंप गाठावे लागतील. ऑटोबानवरच्या बऱ्याच थांब्यांवर टॉयलेटचे पैसे भरले की तेवढ्याच किमतीचं कूपन मिळतं आणि ते तिथल्या दुकानात चालतं. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी सगळ्यांची कूपनं गोळा करून कॉफी मिळवली होती. ‘तिसरा_थांबा’ ताईंना ही पद्धत पटेल असं वाटतं.

ओसाका_रिटर्न

जपानला जाणारे शाकाहारी, एवढंच लक्षात ठेवा: नूडल्समध्ये मांस नसलं तरी रश्श्यात दाशी असते आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाची. देवळांच्या आसपास मिळणारं शोजिन र्‍योरी हे बौद्ध भिक्षूंचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, सुंदरही असतं, आणि बिल बघून भूक पुन्हा लागते.

उजनीकाठ

मासे म्हटलं की सगळे कोकणात पळतात. पुणे-सोलापूर रस्त्याला भिगवण आहे की. उजनीच्या पाण्यातली चिलापी, मरळ, वाम. समुद्राच्या माशाची सवय असेल तर पहिल्यांदा वास वेगळा वाटेल, काटेही सांभाळावे लागतील. चिलापी आख्खीच तळतात, अंगावर तिरक्या चिरा पाडून त्यात मसाला भरलेला असतो, शेपटी कुरकुरीत झालेली. बाजरीची भाकरी, पातळ रस्सा. थंडीत रोहित पक्षी बघायला येणारे सकाळी पाण्यात होडीतून फिरतात आणि दुपारी इथे ताटावर बसतात. आमच्या सोलापूरच्या साईटवर जाणारी प्रत्येक गाडी ‘डिझेल भरायला’ भिगवणलाच थांबते. टाकी भरलेली असली तरी.

दख्खनची_राणी

रस्त्याचा विषय आहे, पण रेल्वे चालेल ना? १ जून १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनला डायनिंग कार आहे, टेबल-खुर्च्यांवर बसून खायची. मुंबईला मीटिंग असली की मी सकाळी त्यातच नाश्ता करते. चीज टोस्ट, ऑम्लेट. घाटात गाडी वळली की सॉसची बाटली टेबलावरून सरकते आणि समोर बसलेला अनोळखी माणूस ती न बघता पकडतो. त्यावरून ओळखायचं, हा रोजचा पासवाला.

चार्जिंग_चालू

विजेवरची गाडी घेतल्यापासून आम्ही कुठे खायचं हे चार्जर ठरवतो. पुणे-गोवा जाताना कोल्हापूरला चार्जर मिळाला तर तांबडा-पांढरा, नाहीतर पेट्रोल पंपाच्या शेजारचं थंड सँडविच. गाडी चार्ज व्हायला पाऊण तास लागतो, मटणाचं ताट यायला आणि संपायलाही तेवढाच. कुणीतरी मटण हॉटेलांच्या दारात चार्जर बसवा रे.

व्हाउचर_पास

मी अकाउंट्समध्ये आहे. तुमची सगळ्यांची बिलं माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे मला हा धागा जरा वेगळा दिसतोय. ‘शेवभाजी_जिंदाबाद’ यांच्यासारख्यांची बिलं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर असतात, ‘३ भाजी, १४ भाकरी, कांदा फ्री’. तिकडे मोठ्या हॉटेलचं बिल छापील, जीएसटी नंबरसह, आणि त्यात ‘फूड’ एवढीच एक ओळ. चौदा भाकऱ्यांवर माझा लगेच विश्वास बसतो. एकट्या माणसाच्या ‘फूड’वर मात्र फोन करून विचारावं लागतं की सोबत ग्लासात काय होतं. गुजरातेतली बिलं तपासायला त्या मानाने सोपी जातात.

एक विनंती. धाब्यावर हाताने लिहिलेलं बिल आम्ही दिवसाच्या भत्त्यात बसत असेल तर घेतो, पण त्यावर तारीख आणि ठिकाण घाला, तेलाचा डाग आकड्यावर पडू देऊ नका, आणि महिन्याअखेरीस सगळी एकदम आणून टाकू नका.