वजनाचा काटा अडकला की सप्लिमेंट घ्यावं का? मी घेतलं आणि काटा हलला

कटिंगवाला_मुलुंड:
जानेवारीत ८६ किलो होतो, मे संपेपर्यंत ७७.४ वर आलो आणि मग बसला ना काटा तिथेच ठाण मांडून. सात आठवडे. तेच डाएट, तेच जिम, रोज सकाळी उभं राहायचं, सत्त्याहत्तर पॉइंट काहीतरी बघायचं आणि तोंड पाडून लोकल पकडायची, वीट आला अक्षरशः. शेवटी ट्रेनरने सांगितलं ते घेतलं, एक फॅट बर्नर कॅप्सूल (कॅफीन, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, गार्सिनिया असलं सगळं आहे त्यात) आणि सोबत व्हे प्रोटीन (दुधापासून काढलेली पावडर). पाच आठवड्यांत ७६.१. घरचे म्हणतात पैसे पाण्यात, पण मला तर रिझल्ट आला. माझं मत सरळ आहे, पहिले आठ-दहा किलो डाएटने जातात, पुढे बाहेरून धक्का लागतो. पटत नसेल तर बोला, फक्त 'बाहेरचं खाणं बंद कर' हे नको, ते जानेवारीतच केलंय.

दादरची_माई:
त्या पाच आठवड्यांत कॅप्सूल सोडून बाकी काय काय बदललं ते आधी सांग बाबा. खरं खरं.

कटिंगवाला_मुलुंड:
काही विशेष नाही. मे महिन्यापासून संध्याकाळी भूक जाम लागायला लागली होती, म्हणून स्टेशनवर उतरलो की दोन वडापाव, आठवड्यातून चारेक वेळा. आता त्या वेळेला व्हे घेतो तर तेवढं सुटलं. आणि वडापाव म्हणजे बाहेरचं खाणं नाही हां, तो मुंबईत नाश्त्यात मोडतो.

दादरची_माई:
सापडला की चोर! ऐक, मी काही आहारतज्ज्ञ नाही, पण पन्नाशीनंतर १४ किलो उतरवलेत आणि दोनदा अशीच अडकलेय. तुझे ८.६ किलो पाच महिन्यांत गेले, किलोला साधारण ७७०० कॅलरी धरल्या तर रोज साडेचारशेच्या आसपास कमी पडत होत्या. आता अंगच हलकं झालं, तर नुसतं पडून राहायलाही किलोमागे दहाएक कॅलरी कमी लागतात, वर तेच जिने चढताना ओझं कमी. शिवाय शरीर कंजूष होतं, माणूस नकळत कमी हलतो, गाडीत चौथी सीट दिसली की टेकतो. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं, तेव्हाही वजन जितकं उतरलं त्या मानाने ऊर्जेचा खर्च जास्तच घटला होता. भूक वाढते ती वेगळीच, तीच तुला मेमध्ये लागली. म्हणजे साडेचारशेतल्या काही शरीराने वाचवल्या आणि उरलेल्या वडापावने भरून काढल्या. आता दोन वडापाव सहाशेच्या घरात, व्हेचा स्कूप एकशेवीस, चार दिवस ४८० वाचले म्हणजे रोजचे पावणेतीनशे. पाच आठवड्यांचे झाले सव्वा किलो. तुझा काटा तेवढाच उतरलाय रे. कॅप्सूलला श्रेय द्यायला काही उरतच नाही.

व्हेज_लिफ्टर_गोरेगाव:
माई, हिशोब भारी आहे पण जरा जास्तच चोख बसवलात 😀 नुसत्या मिठाने नि पाण्याने काटा किलोभर इकडेतिकडे होतो. आणि मुख्य मुद्दा सुटला, वडापाव सुटला कोणामुळे? व्हेमुळे. मग सप्लिमेंटनेच काम केलं ना? मी शाकाहारी, घरचं वरण असं की वाटीत तळ दिसतो, अंडं घरात चालत नाही. आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगते, वजन उतरवताना स्नायू टिकवायचे आणि वर व्यायाम करायचा तर त्याहून बरंच जास्त लागतं, ते पोळी-भाजीतून आणून दाखवा. प्रोटीन पचवण्यातच त्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा जाते आणि पोटही भरलेलं राहतं. सरसकट सगळ्या डब्यांना शिव्या घालायची फॅशन झालीय.

दादरची_माई:
व्हेला कोण शिव्या घालतंय. पनीर केल्यावर जे पाणी उरतं त्यातलंच ते, आमच्याकडे त्यात कणीक मळतात. ते खाणं आहे, परवडत असेल तर खा. पण तेच काम फुटाणे आणि ताकाने होतं, आणि स्टेशनबाहेर फुटाणे मिळतात.

कटिंगवाला_मुलुंड:
संध्याकाळी सात वाजता समोर गरम घाणा निघतोय आणि मी पुडीतले फुटाणे चघळतोय. तुम्ही करून बघा माई.

औषधांच्या_दुकानातला:
मी काउंटरला उभा असतो म्हणून कॅप्सूलबद्दल बोलतो. गार्सिनियाची १९९८ मध्ये नीट चाचणी झाली होती, १३५ जण, १२ आठवडे, अर्ध्यांना खरी गोळी अर्ध्यांना खोटी, वजनात फरक नाही. कॅफीनने थोडी ऊर्जा जास्त जळते हे खरं, पण तू दिवसाला चार-पाच कटिंग पितोस ना, नावावरून तरी तसंच वाटतं, मग अंगाला सवय झालेलीच असते. आणि ग्रीन टी पिणं वेगळं, एक्स्ट्रॅक्ट वेगळं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की सप्लिमेंटमधून त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे वाढू शकतात. डब्यावर नुसतं 'ब्लेंड' लिहिलं असेल आणि कशात किती ते नसेल तर मी तरी घेणार नाही. सिब्युट्रामिन नावाची भूक मारायची गोळी २०१० मध्ये अमेरिका-युरोपात बाजारातून काढली, हृदयाला धोका म्हणून, आणि त्यानंतरही 'हर्बल' म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये ती सापडत राहिली. भूक एकदम मेली, छाती धडधडतेय, झोप उडाली असं झालं तर 'व्वा, काम करतंय' म्हणू नका, डबा घेऊन डॉक्टरकडे जा.

गिरगावकर_काका:
गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचाच चुलतभाऊ ना? मग आमचं वजन कधीच शून्य व्हायला हवं होतं, जन्मभर सोलकढी पितोय.

औषधांच्या_दुकानातला:
हो काका, कोकम गार्सिनिया इंडिका. पण सोलकढीसोबत जो भात जातो त्याचं काय करायचं 😄

घाटकोपरची_नीज:
मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझं वजन चार महिने अडकलं होतं, सगळे म्हणत होते चोरून खात असशील. तपासण्या केल्या तर व्हिटॅमिन बी१२ तळाला, डी त्याहून वाईट, आणि थायरॉईडचा टीएसएच ११, म्हणजे वाढलेला. थायरॉईडची गोळी सुरू झाली, सोबत बी१२ आणि डी. वजन काही धाडकन उतरलं नाही, पण पाय दुखायचे थांबले आणि मी परत शिवाजी पार्कला तीन फेऱ्या मारायला लागले, काटा त्यानंतर हलला. सो सप्लिमेंटने होतं, पण आडून होतं. आधी रक्त तपासा मग डबा घ्या.

व्हेज_लिफ्टर_गोरेगाव:
हेच म्हणतोय मी!

दादरची_माई:
हे म्हणत नव्हतास तू. थायरॉईडची गोळी औषध आहे आणि कमतरता भरून काढणं हा उपचार झाला, प्लॅटो (म्हणजे हा अडकलेला काटा) तोडायचं जादूचं चूर्ण नव्हे. असो. कटिंगवाल्या, व्हे चालू ठेव, कॅप्सूल तेवढी तीन आठवडे बंद कर आणि बाकी काही बदलू नकोस. काटा उतरत राहिला तर डबा ट्रेनरला परत दे. आणि एक काम कर, घरी फोडणीला तेल कशाने घालतात बघ. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण असतं ना, त्याने मोज.

कटिंगवाला_मुलुंड:
डबा परत घेत नाही तो, सील तोडलंय. उरलेल्या अठरा कॅप्सूलचे पैसे कोण देणार.
बरं, तेल मोजलं. आईची एक पळी २२ मिली भरली, आणि भाजीला दोन पळ्या पडतात. म्हणजे साडेतीनशेच्या वर कॅलरी, चार माणसांत धरल्या तरी माझ्या ताटात नव्वद, आणि हे फक्त भाजीचं, आमटीची फोडणी वेगळी. आईला दाखवलं तर तिने झाकण हातातून काढून घेतलं, म्हणाली खोकल्याचं झाकण फोडणीत आणलंस तर जेवण तूच कर. आज कॅप्सूल घेतली नाही. वजन रविवारी टाकतो.