कुल्ला, नितंब की पार्श्वभाग?

रानजाई: गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांसाठी प्रथमोपचाराची पुस्तिका मराठीत करतेय. एका वाक्यापाशी दोन दिवस अडलेय. इथे चाकू खुपसला तर बाहेरून जखम बोटभर दिसते, आत किती गेली ते कळत नाही. स्वच्छ कापड जखमेत दाबून भरा, दाब सोडू नका, रुतलेलं पातं उपसू नका, १०८ला फोन करा. सगळं जमलं, फक्त ‘इथे’ला शब्द मिळेना. मी ‘नितंब’ लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘कंबर’ केलं. लोक ‘कमरेत इंजेक्शन’ म्हणतात ना!

मिरजकर: रानजाई, ‘कंबर’ कृपा करून ठेवू नका. मी सर्जन. शिकत असताना एक रुग्ण आला, चिठ्ठीवर ‘कमरेला वार’. उताणा झोपवलेला. आम्ही पोट, कूस, मूत्रपिंडाची बाजू बघत बसलो आणि रक्त खाली गादीत मुरत होतं. कुशीवर वळवल्यावर जखम दिसली. वाचला, पण ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही.
तिथे मांडीसारखी आवळपट्टी बांधता येत नाही, दाबच द्यावा लागतो. जखम वरच्या भागात असेल तर जास्त भीती. तिथली धमनी ओटीपोटातून बाहेर येते, तुटली की टोक आत ओढलं जातं. रुग्ण स्थिर असेल तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, करतो. गुदद्वारात बोट घालून तपासतो. रक्त लागलं तर गुदाशयाला इजा झालीय असं धरून दुर्बिणीने बघतो. पाऊल वर उचलता येतं का तेही बघायचं, पायाला चालना देणारी सायटिक नस तिथूनच जाते. नुसते टाके घालून घरी पाठवू नये.

गावकुस: मग सरळ ‘कुल्ला’ लिहा. ‘उजव्या कुल्ल्यात घुसलंय’ म्हटलं की फोनवरच्याला नेमकं कळतं. ‘ढुंगण’ म्हटलं तर दोन्ही बाजू आल्या, गुदद्वारही आलं. आमची आजी हा फरक कटाक्षाने पाळायची.

पडघम: छापील सरकारी पुस्तिकेत ‘कुल्ला’? वाचणाऱ्या ताई शिबिरात मोठ्याने म्हणतील का? वर्तमानपत्रं ‘पार्श्वभाग’ लिहितात, तो चालवा.

ओवा: पार्श्व म्हणजे बाजू, मूळ ‘पर्शु’, बरगडी. जखमेच्या बाबतीत बरगडीकडे नेणारा शब्द वापरायचा?

पडघम: पार्श्वभूमी, पार्श्वसंगीत यांत बरगडी कुठे आहे? मराठीने ‘मागचा’ हा अर्थ कधीच घेतलाय. संस्कृतची परवानगी कशाला हवी?

ओवा: परवानगी नको, नेमकेपणा हवा. संस्कृतात तो आहे, म्हणून सांगतो. सुश्रुताने ताज्या जखमांचे सहा प्रकार केले. त्यांत टोकदार शस्त्राने आतला आशय, म्हणजे कोठा, फुटला तर ‘भिन्न’. आशय सोडून दुसरीकडे रुतलं तर ‘विद्ध’. मागच्या बाजूला ‘कटीकतरुण’ नावाचं मर्म सांगितलंय. तिथे इजा झाली तर रक्त जाऊन माणूस पांढरा पडून मरतो.

मिरजकर: हे मला ठाऊक नव्हतं. गुदाशय फुटलाय की नाही, यावरच आमचे पुढचे सगळे निर्णय ठरतात. मराठीत मात्र दोन्हीला ‘वार’. पोलिसांच्या कागदावर तर कायम ‘धारदार शस्त्राने वार’. कापल्याची जखम लांबीला जास्त असते, भोसकल्याची खोलीला. तिला सुटसुटीत नाम का नाही?

गावकुस: ‘भोसका’ आहे की! माझ्या मते ‘भोक’वरूनच आलाय.

पडघम: ‘भोक’मध्ये ‘स’ कुठून आला?

रानजाई: ‘कंबर’ काढलं. आता ‘कुल्ला’ आधी लिहून कंसात ‘नितंब’ की उलट? पडघम म्हणतात ती शिबिरातली अडचण खरी आहे.

गावकुस: ‘स’चं सोडा. मिरजकर, ‘आवळपट्टी’ तुमच्या वॉर्डातला शब्द की तुम्ही केलेला? आमच्याकडे साप चावल्यावर बांधायचे त्याला ‘आवळण’ म्हणत.