मदत हवी आहे: जुना फोन घेतला, २२ दिवसांनी नेटवर्क गेलं, विक्रेत्याने हात झटकले

मुळाकाठ
शहर पुणे. ऑनलाइन जाहिरात बघून अँड्रॉइड फोन घेतला. रु. १८,०००, यूपीआयने दिले. खोकं मिळालं, बिलाचा नुसता फोटो. परवापासून दोन्ही सिमना नेटवर्क नाही. वायफाय, कॅमेरा, चार्जिंग सगळं ठीक. रिसेट मारून झालं. विक्रेता म्हणतो, "बघून घेतलात ना? आठवड्यानंतर माझा संबंध नाही." ग्राहक आयोगात जावं की पोलिसांत?

कथील_फ्लक्स
दोन्हीकडे नंतर. आधी बिघाड आहे की ब्लॉक, ते ठरवा. *#०६# दाबा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) रिकामा किंवा नुसती शून्यं दिसली तर बोर्डावरचा नेटवर्कचा भाग गेलाय, मग हे दुरुस्तीचं काम. १५ अंकी नंबर नीट आले तर खोक्यावरच्याशी ताडून बघा. मग इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. दोन सिमचे दोन नंबर असतात, दोन्हींचे वेगळे मेसेज करा. बहुतेक लोक पहिलाच तपासतात.

मुळाकाठ
नंबर दिसतायत, खोक्याशी जुळतायत. दोन्हींना उत्तर: ब्लॅकलिस्टेड.

कथील_फ्लक्स
म्हणजे सीईआयआरमध्ये, हरवलेले-चोरीचे फोन बंद करणाऱ्या सरकारी यंत्रणेत, ब्लॉक झालाय. फोन हरवल्याची पोलीस तक्रार घेऊन मालकाने केलेला ब्लॉक देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर लागू होतो. वायफायला त्याचं काही देणंघेणं नाही, म्हणून बाकी सगळं चालतंय. रिसेट, फ्लॅशिंग, नवं सिम, कशानेही उघडणार नाही. ज्याने ब्लॉक केला त्यानेच त्याच्या विनंती क्रमांकावरून तो काढायचा असतो.

"दोन हजारात आयएमईआय बदलून देतो" म्हणणारा कोणीतरी भेटेलच. त्या वाटेला जाऊ नका. दूरसंचार कायदा, २०२३ खाली त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फसलेला माणूस तिथे आरोपी होतो.

कलम_कसाई
आता एकच गोष्ट बघा: बिलावरचं नाव आणि पैसे पाठवताना यूपीआयवर दिसलेलं नाव एकच आहे का?

एकच असेल तर विक्रेत्यानेच विकल्यावर "हरवला" म्हणून तक्रार केल्याची शक्यता मोठी. बिल त्याच्याच हातात असतं, हा डाव जुना आहे. नावं वेगळी असतील तर फोन चोरीचा असू शकतो आणि मूळ मालकाने ब्लॉक उशिरा टाकला असेल. ब्लॉकची तारीख आणि तक्रारदार पोलिसांना कळू शकतात, तुम्हाला नाही. म्हणून आधी पोलीस.

ग्राहक आयोगाचं म्हणाल, तर घरातला एक जुना फोन विकणारा माणूस व्यापारी ठरणं कठीण. विक्रेता दुकानदार असता तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि जिल्हा आयोग हा सरळ रस्ता होता. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्कही नाही. खासगी विक्रेत्यासाठी वस्तुविक्री कायदा, १९३० चं कलम १४: विकणाऱ्याला विकण्याचा हक्क असलाच पाहिजे. "बघून घेतलात" हे ओरखड्यांना, बॅटरीला चालेल, मालकीला नाही. चोरीचा माल खपवला असेल तर भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१७, फसवणुकीला ३१८.

मुळाकाठ
नावं वेगळी आहेत. विक्रेता आता म्हणतो, फोन परत आणा, १२,००० देतो.

कलम_कसाई
देऊ नका. पुरावा त्याच्या हातात जाईल आणि १२,००० चं काय होईल ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्याला विकूही नका. चोरीचा असावा असं वाटत असताना विकलात तर ३१७ तुमच्याही दारात.

आज करायचं: जाहिरात अजून असेल तर वेब पत्त्यासकट स्क्रीनशॉट. चॅट एक्सपोर्ट करा, फक्त सोयीचे स्क्रीनशॉट नकोत. बँकेच्या उताऱ्यात १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) असतो, तो लिहून ठेवा. खोक्याचा आणि *#०६# च्या पडद्याचा एकत्र फोटो. ज्या फोनवरून बोलणं झालं त्यातलं चॅट पुसू नका. कोर्टात गेलंच तर अशा डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद करा, पण २२ दिवसांनी पैसे खात्यात गोठतील ही आशा कमीच. ती सोय पहिल्या काही तासांत खरी कामाची.

ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोन जमा करायला सांगितला तर आयएमईआय लिहिलेली पावती घेतल्याशिवाय सोडू नका.

नाट_बोल्ट
माझा फोन दर रिसेटनंतर "हप्ता थकला" दाखवतो. हाच प्रकार का?

कथील_फ्लक्स
नाही. तो कर्जदात्याचा लॉक. त्याचं ॲप फोनचं प्रशासक म्हणून बसवलेलं असतं, म्हणून रिसेटनंतर परत येतं. कर्ज फिटल्यावर कर्जदाताच काढतो. विक्रेत्याकडून थकबाकी नसल्याचं पत्र मागा. रिसेटनंतर जुनं गूगल खातं मागत असेल तर तो तिसरा प्रकार. विक्रेत्याने पासवर्ड टाकून खातं काढलं की दोन मिनिटांत मिटतो. म्हणून पैसे देण्याआधी समोर रिसेट करून, आपलं खातं टाकून, आपलं सिम घालून एक कॉल लावायचा.

मुळाकाठ
अर्ज दिला, पोच मिळाली. फोन मागितला तर विक्रेत्याला काय सांगू?

कलम_कसाई
एकच मेसेज: "बोलणं लेखी ठेवूया." फोनवर बोलू नका.