टेकडीवर मागून येणाऱ्या सायकलने घंटी वाजवायलाच हवी

टेकडीवाली:
परवा सकाळी बाबांबरोबर वेताळ टेकडी उतरत होते. मागून एक सायकलवाला न घंटी वाजवता, न हाक मारता उजवीकडून सुळकन गेला. हँडल बाबांच्या कोपराला घासलं, मुरमावरून पाय सटकला. पडले नाहीत, पण खाली येईपर्यंत माझा हात घट्ट धरून होते. वय ७४, उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. मग सांगायचं कोणी? दहा पावलांवर असताना घंटी वाजवा, एवढंच मागणं आहे.

दोनचाकी:
त्याचं चुकलंच. पण ताई, उजव्या कानाने ऐकू येत नाही तर घंटीचा काय उपयोग? मी सहा वर्षं टेकडीवर सायकल चालवतोय. घंटी ऐकली की माणूस दचकतो, मान वळवतो आणि वळता वळता नेमका माझ्याच वाटेत येतो. शिवाय चौघं-चौघं आडवे चालतात, कानात इअरफोन. डावीकडून चाला, हे त्यांनाही कोणी सांगणार की नाही?

टेकडीवाली:
घंटी मला ऐकू आली असती. मी बाबांना कडेला घेतलं असतं.

निशिकासाई:
मी तोक्योत राहतो. इथे घंटी वाजवून चालणाऱ्याला बाजूला करणं नियमाविरुद्ध आहे, धोका टाळण्यापुरतीच वाजवायची. फुटपाथवर सायकल हळू न्यायची आणि चालणाऱ्याला अडथळा होणार असेल तर थांबायचं. आराकावा नदीकाठच्या रस्त्यावर ताशी २० किमीची मर्यादा आहे. तोही वेग सेकंदाला साडेपाच मीटर होतो. दहा पावलांवर घंटी वाजवलीत तर समोरच्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. आधी ब्रेक, मग आवाज.

दोनचाकी:
डांबरावर ठीक आहे हो. उतारावर सुट्या मुरमात जोरात ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतं. मग मी त्यांच्यावरच जाईन.

टेकडीवाली:
म्हणजे थांबता येणार नाही इतक्या वेगाने तुम्ही माणसांमधून उतरता. मला तेच चुकीचं वाटतं. दहा पावलांचा माझा हिशेब कमी पडला, हे पटलं. लांबूनच वेग कमी करा, 'काका, उजवीकडून येतोय' म्हणा, वाट अरुंद असेल तर उतरून सायकल हातात धरा. आडवं चालणाऱ्यांना मी स्वतः सांगेन. पण धडक बसली तर पडणार चालणाराच, त्यामुळे आधी हळू व्हायचं तुम्ही.

दोनचाकी:
चढावर उतरेन. उतारावर प्रत्येक वेळी उतरणं मला अजूनही पटत नाही. हाक मात्र मारेन.