सक्तीची सैन्यभरती आणि धर्माची मनाई : सूट द्यावी की शिक्षा?

दीपमाळ
धर्म म्हणतो शस्त्र धरू नकोस, कायदा म्हणतो गणवेश चढव. या पेचात दक्षिण कोरियात हजारो तरुण तुरुंगात गेले, बहुतेक यहोवाचे साक्षीदार, म्हणजे शस्त्र धरणं निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत देता यायची, पण न्यायाधीश ठरल्यासारखे १८ महिनेच द्यायचे. कारण तेवढी कैद झाली की भरतीचं बोलावणं कायमचं थांबतं. त्याहून कमी दिली तर सुटल्यावर पुन्हा बोलावणं, पुन्हा नकार, पुन्हा खटला. म्हणजे दया दाखवायची तरी १८ महिन्यांच्या खाली येता येत नव्हतं! २०१८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने पर्यायी सेवेची, म्हणजे लष्कराऐवजी नागरी काम करण्याची, सोय नसणं घटनेशी विसंगत ठरवलं आणि २०२० पासून ती सेवा सुरू झाली. माझ्या मते सक्तीची भरती करणाऱ्या प्रत्येक देशाने ही वाट ठेवलीच पाहिजे.

उंबरठा
साफ असहमत. सूट एकाला मिळते, ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जातं. आणि श्रद्धा खरी की सोयीची, हे ठरवणार कसं? ब्रिटनने १९१६ च्या भरती कायद्यातच विवेकाचं कलम घातलं, म्हणजे सदसद्विवेकाला लढणं पटत नसेल तर सूट मागता यायची, आणि अर्ज तपासायला न्यायाधिकरणं नेमली. तिथला नेहमीचा प्रश्न : शत्रूने तुझ्या आईवर हल्ला केला तर? 'अडवीन' म्हटलं की श्रद्धा खोटी, 'नाही' म्हटलं की माणूस खोटा. पश्चिम जर्मनीने १९७७ मध्ये चौकशीच काढून टाकली, लेखी निवेदन पुरेसं मानलं. पुढच्याच वर्षी घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला. नुसत्या निवेदनावर सुटका मिळाली तर समान कर्तव्याला अर्थ काय उरतो?

कोरा कागद
उंबरठा, मनात डोकावता येत नाही, पण सेवेची मुदत वाढवता येते. पळवाट शोधणारा जास्त महिन्यांची सेवा कशाला पत्करेल? फक्त ती मुदत शिक्षा होता कामा नये. युरोपच्या सामाजिक हक्क समितीच्या मते पर्यायी सेवा लष्करी सेवेच्या दीडपटीपर्यंत असेल तर सहसा हरकत नाही. कोरियात पायदळाला १८ महिने, पर्यायी सेवेला ३६, तेही तुरुंगातच राहून स्वयंपाकघर, साफसफाई असली कामं. गुन्ह्याची नोंद होत नाही, हा फायदा मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण आधी १८ महिने कैदी म्हणून, आता ३६ महिने कैद्यांच्या शेजारी! २०२४ मध्ये घटना न्यायालयाने हे वैध ठरवलं. मला तो निकाल चुकीचा वाटतो.

उंबरठा
सैनिकाचा महिना आणि तुरुंगातल्या स्वयंपाकघरातला महिना एकाच तराजूत घालू नका. एकाच्या जिवाला धोका आहे. दुप्पट मुदत मला रास्त वाटते.

शमी
मला वेगळंच खटकतं. सूट फक्त 'सगळी युद्धं नको' म्हणणाऱ्याला मिळते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये देवावरच्या श्रद्धेऐवजी तितकीच खोल दुसरी श्रद्धा असेल तर तीही सूट द्यायला पुरेशी मानली. पण १९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्ध अन्याय्य म्हणून नाकारणाऱ्यांना सूट दिली नाही. त्यांतला एक कॅथलिक होता. न्याय्य आणि अन्याय्य युद्धात फरक कर, असं त्याचा धर्मच सांगतो. म्हणजे धर्म नीट पाळला म्हणूनच तो अडकला.

उंबरठा
ही सूट दिली तर प्रत्येक सैनिक लढाईगणिक आपला निवाडा करील. असं सैन्य चालत नाही.

दीपमाळ
मुदतीवर वाद होऊ शकतो, मी दीडपटीच्या बाजूने. पण अर्ज कुणापुढे आणि कधी, यात तडजोड नको. ब्रिटनच्या १९१६ च्या न्यायाधिकरणांपुढे लष्कराचा प्रतिनिधी बसायचा, अर्जदाराची उलटतपासणी घ्यायचा. अर्ज फेटाळला की माणूस आपोआप सैनिक ठरायचा आणि त्याच्या नकाराचा आज्ञाभंग व्हायचा. अशाच ३५ जणांना फ्रान्सला नेऊन लष्करी न्यायालयाने देहदंड सुनावला. नंतर तो १० वर्षांच्या सक्तमजुरीवर आला. म्हणून चौकशी मंडळ पूर्णपणे नागरी हवं, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराच्या अंगावर गणवेश चढवायचा नाही.