सप्टेंबरमध्ये मिलानला जाऊन राहिलो, पण नेमका फॅशन वीक आहे, जावं की तारीख बदलावी?

धरमपेठवाली:
नमस्कार मंडळी. मी अन् माझी मोठी ताई सप्टेंबरच्या शेवटी इटलीला जायचं ठरवून राहिलो, मिलान, मग कोमो, मग ट्रेननं फ्लोरेन्स. काल हॉटेल पाहायला बसले तर मिलानचे भाव पाहून घामच फुटला, सेंट्रल स्टेशनजवळचं साधं थ्री स्टार हॉटेल, तेच ऑक्टोबरमध्ये टाकून पाहिलं तर निम्म्यापेक्षा कमी. मग कळलं की त्याच आठवड्यात तिथं फॅशन वीक आहे. ताईचा टसर अन् करवत काठी साड्यांचा घरगुती व्यवसाय आहे, तिनं हे ऐकलं अन् तिचं एकच सुरू झालं, आपण शो पाहू. तर तिकीट काढून शो पाहता येतो का? साध्या टुरिस्टला त्या दिवसांत शहर नीट फिरता येते का? अन् राहायचं कुठं? ताई पक्की शाकाहारी आहे, अंडंही नाही. तारखा थोड्या हलवता येतील पण दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की तिला दुकान सोडता येत नाही.

प्रतापनगर_ते_मिलान:
ताई, मी इथं मिलानला नोकरीला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. शोचं तिकीट नसते. मोठ्या ब्रँडचे शो फक्त निमंत्रणावर असतात, खरेदीदार, पत्रकार अन् सेलिब्रिटी यांच्यासाठी, त्यामुळं पास मिळवून देतो असं कोणी म्हटलं तर एक रुपया देऊ नका. पण कामेरा नाझिओनाले देल्ला मोदा ही जी संस्था हा आठवडा भरवते तिच्या साइटवर शोचं वेळापत्रक येते, अन् बरेच शो लाइव्ह दिसतात, ते रात्री हॉटेलात बसून पाहा.

हॉटेलचं म्हणाल तर आपल्या नागपुरात हिवाळी अधिवेशनात सीताबर्डीपासून वर्धा रोडपर्यंत खोली मिळत नाही ना, तसंच आहे हे. त्यात सप्टेंबरमध्येच, साधारण याच्या थोडं आधी, मिलानजवळच्या रो फिएरा या प्रदर्शन केंद्रात मिकाम हे चपला-बुटांचं मोठं प्रदर्शन असते, त्याचेही व्यापारी येतात. म्हणून मधोमध राहूच नका. सेस्तो सान जोव्हान्नी पाहा, मेट्रोची लाल लाइन तिथून थेट दुओमोला, म्हणजे मधल्या मोठ्या चर्चजवळ, येते, गेटवर बँकेचं कार्ड टॅप केलं की झालं, वेगळं तिकीट काढायची भानगड नाही. नाहीतर बेर्गामो, ट्रेननं साधारण ५० मिनिटं, अन् वरचं जुनं गाव इतकं सुंदर आहे की तिथं एक दिवस तसाही द्यावाच.

रस्ते सगळे बंद नसतात हो. शो असतो तिथं तासभर कोंडी होते, बाकी शहर आपल्या गतीनं चालते. व्हिआ मोंतेनापोलेओने, व्हिआ देल्ला स्पीगा हा जो महागड्या दुकानांचा चौकोन आहे तिथं पायी फिरायला पैसे लागत नाहीत, काचेमागची मांडणी पाहण्यातच संध्याकाळ जाते. त्याच भागात व्हिआ सांत'आंद्रेआवर पालाझ्झो मोरांदो आहे, जुन्या काळच्या कपड्यांचं अन् शहराचं म्युझियम, ताईंना ते कोणत्याही शोपेक्षा जास्त आवडेल असं मला मनापासून वाटते. अन् अरमानी सिलोस, म्हणजे अरमानी या फॅशन डिझायनरच्या कपड्यांचं म्युझियम, तोर्तोना भागात, २०१५ साली उघडलं, तिथं अरमानीचे कपडे अगदी हातभर अंतरावरून पाहता येतात, शिलाई, कापड, ते कसं पडते, सगळं. शोमध्ये दहा-पंधरा मिनिटांत सगळं समोरून निघून जाते, तिथं एकेका जॅकेटपुढं अर्धा तास उभं राहा, कोणी हटकत नाही.

लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’ या चित्राच्या तिकिटांचं मात्र आजच बघा, आत फक्त १५ मिनिटं सोडतात अन् ती फार आधी संपतात.

मोहाडीचा_माग:
करवत काठीचं नाव वाचलं म्हणून लिहायला बसलो, आमच्या घरी मागावर हेच काम आहे. ताईंना सांगा कोमो अर्ध्या दिवसात उरकू नका. ते गाव रेशमाचंच आहे, रंगाई अन् छपाईसाठी जगभर नाव, आता कच्चं रेशीम बहुतेक चीनमधून येते पण पुढचं काम तिथलं, अन् तिथं रेशमाचं म्युझियम आहे, जुने चरखे, माग, छपाईचे ठसे असं सगळं. त्यांचं रेशीम तुतीवरच्या किड्याचं अन् आपला टसर ऐन-अर्जुनाच्या झाडावरचा, दोन्हीचा पोत हातात घेतल्याशिवाय फरक कळत नाही, म्हणून टसरचा एक तुकडा सोबत ठेवा, तिथल्या माणसांना दाखवायला.

अन् शोच्या बाहेर उभं राहायचं असेल तर ताईंनी करवत काठीच नेसून जावं, हे मी अगदी कळकळीनं सांगून राहिलो. तिथं फोटोग्राफर रस्त्यावरच्या लोकांचे कपडे टिपायलाच उभे असतात. जून २०२५ मध्ये याच मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आपल्याकडं केवढा गदारोळ झाला, २०१९ सालीच कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला, मग कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतीय चपलेची आहे. आपली वस्तू आपल्या माणसाच्या अंगावर, नावासकट तिथं दिसली पाहिजे. कोणी विचारलं तर काठावरचे करवतीचे दाते दाखवा, ते छापलेले नाहीत, मागावर आडवा धागा नेणाऱ्या तीन धोट्यांनी विणलेले आहेत, हे सांगा.

फिरस्ती_काकू:
माझं मत वेगळं आहे गं. क्रम उलटा कर. आधी फ्लोरेन्स अन् कोमो, मिलान शेवटी, म्हणजे फॅशन वीकचा शेवटचा दिवस तेवढा मिळेल अन् भाव उतरायला लागलेले असतील. शेवटच्या दिवशी वेळापत्रक हलकं असते, पण तुम्हाला कुठं शो पाहायचा आहे, बाहेरचं वातावरण पाहायचं आहे ना.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. अन् दुओमोत खांदे-गुडघे झाकलेले लागतात, साडीला काही प्रश्नच नाही.

धरमपेठवाली:
किती छान लिहिलं सगळ्यांनी! काकूंचा उलटा क्रम पटला, ताईलाही वाचून दाखवला. मोहाडीच्या दादांचं वाचून तर ती लगेच कपाटाकडं गेली, कोणती साडी न्यायची ते पाहून राहिली. जेवणाचं कोणी सांगा ना?

प्रतापनगर_ते_मिलान:
जेवणाची चिंता नको, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. इथला केशरी रिसोत्तो, म्हणजे मऊ भात, दिसायला शाकाहारी असतो, पण पारंपरिक पद्धतीत त्यात बीफचा स्टॉक अन् हाडातला मगज असतो, म्हणून विचारल्याशिवाय मागवू नका. अन् पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे चीज जमवायचं विरजण, असते, ताईंना ते चालत नसेल तर पास्त्यावर घालू नका म्हणून आधीच सांगा. मार्गेरिता पिझ्झा, फोकाच्चा हा जाड पाव मिळते, पण पिझ्झ्यावरच्या मोझ्झारेल्लातही बहुतेक रेनेटच असते, तेव्हा चीज नकोच असेल तर मारिनारा मागवा, नुसता टोमॅटो, लसूण अन् ओरेगानो. ताज्या पास्त्यात अंडं असते, सुक्यात सहसा नसते, तेही विचारून घ्या. दुओमोजवळ पान्झेरोत्ती मिळतात, तळलेले, मोठ्या करंजीएवढे, टोमॅटो-मोझ्झारेल्लाचे, चीज चालत असेल तरच घ्या, दुपारी रांग असते म्हणून बाराच्या आधी जा. सोबत दशम्या अन् चटणी ठेवाच, ट्रेनमध्ये खाता येते.